चूल एडिसनला, कंपनी डेलावेअरला

2024 च्या जानेवारीतल्या एका शनिवारी दोघी जावा माझ्याकडे आल्या. आपल्याच फराळाच्या एका रिकाम्या खोक्यात त्यांनी सगळे कागद कोंबून आणले होते. मी मध्य न्यू जर्सीत गेली अठरा वर्षं छोट्या धंद्यांचे हिशेब आणि करपत्रकं करते. असं खोकं समोर आलं की कागद वाचण्याआधी मी एकच गोष्ट विचारते, "धंदा नेमका कुठे चालतो?" धाकटीने लगेच सांगितलं, "एडिसनला, ताई. ओक ट्री रोडच्या अलीकडे एक स्वयंपाकघर तासावर भाड्याने घेतो, तिथेच सगळं करतो." मग मी खोक्यातला पहिला कागद उघडला. कंपनीच्या नोंदणीचा दाखला होता, राज्य डेलावेअर. न्यू जर्सीच्या शिक्क्याचा एकही कागद त्या खोक्यात नव्हता.

दोघींच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नियम, तारखा आणि शुल्कं मात्र जशीच्या तशी आहेत, कारण दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर त्यांचाच होईल.

घडलं ते असं

थोरली सांगलीकडची, वीस वर्षांपासून इथे. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे. धाकटी नवऱ्याच्या एच-1बी व्हिसावर आली. तिचा एच-4, म्हणजे जोडीदाराला मिळणारा व्हिसा, आणि सोबत काम करण्याचा परवाना. कोविडच्या दिवसांत दोघींनी ओळखीपाळखीत पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, चकल्या द्यायला सुरुवात केली. 2021 च्या गणपतीच्या आधी ऑर्डरी इतक्या वाढल्या की 'कंपनी काढली पाहिजे' असं घरात ठरलं. धाकटीच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने सल्ला दिला, "डेलावेअरला काढा, सगळे तिथेच काढतात." कंपन्या काढून देणाऱ्या एका संकेतस्थळावर रात्री जेवणं झाल्यावर अर्ध्या तासात काम उरकलं. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांच्या हाती एक मर्यादित दायित्व कंपनी आली, म्हणजे ज्याला इथे सगळे एलएलसी म्हणतात ती. संकेतस्थळाने ईआयएन, म्हणजे कंपनीचा केंद्रीय करक्रमांक, काढून देण्याचेही वेगळे पैसे घेतले. तो क्रमांक आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय करखात्याच्या, साइटवर फुकट मिळतो, हे त्यांना माझ्याकडून कळलं.

मित्राचा सल्ला त्याच्या जगात खरा आहे. डेलावेअरचं चॅन्सरी न्यायालय 1792 पासून आहे. तिथे ज्यूरी नसते, कंपनी कायद्यात मुरलेले न्यायाधीश निकाल देतात. मोठ्या गुंतवणूकदारांच्या वकिलांना तो कायदा तोंडपाठ असतो. फॉर्च्युन 500 यादीतल्या निम्म्याहून अधिक कंपन्या तिथे नोंदलेल्या आहेत त्या यामुळे. ज्याला उद्या गुंतवणूकदारांकडून भांडवल उभं करायचं आहे, त्याने डेलावेअरचा विचार जरूर करावा. पुरणपोळीच्या धंद्याला यातलं काही लागत नाही. एडिसनमध्ये राहणाऱ्या माणसाने एडिसनमध्ये चालणारा धंदा डेलावेअरमध्ये नोंदवला, तर त्याला दोन राज्यांचं देणं लागतं, आणि करात एक पैसाही वाचत नाही. उत्पन्न जिथे मिळवलं आणि माणूस जिथे राहतो, तिथलं राज्य कर घेतंच.

एलएलसी हा प्रकार मुळात राज्यांचा आहे, केंद्राचा नाही. वायोमिंगने 1977 मध्ये असा पहिला कायदा केला. 1988 मध्ये आयआरएसने अशा कंपनीला भागीदारीसारखी करआकारणी मान्य केली, तेव्हा बाकीची राज्यं भराभर मागे आली. म्हणून आजही प्रत्येक राज्याची फी वेगळी, वार्षिक कागद वेगळा आणि मुदतही वेगळी. भारतात एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, काढणारा पुण्यातून काढो वा पणजीतून, कायदा 2008 चा एकच आणि मंत्रालयही एकच. तिथून आलेल्या माणसाच्या डोक्यात 'एकदा नोंदवली की देशभर चालली' असंच चित्र असतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा मराठी घरांपैकी बहुतेकांचं असंच असतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

वकिलाचा पहिला प्रश्न

अडीच वर्षं सगळं सुरळीत दिसत होतं. 2023 च्या दिवाळीत एका कार्यक्रम आयोजकाने कंपन्यांना वाटण्यासाठी फराळाच्या खोक्यांची मोठी ऑर्डर दिली. 7,200 डॉलरची. माल पोचला, कौतुक झालं, पैसे आले नाहीत. डिसेंबरभर फोन आणि मेल झाले. शेवटी थोरलीने वकील गाठला.

न्यू जर्सीत 5,000 डॉलरपर्यंतचा दावा लघुवाद न्यायालयात जातो. त्याच्या वर 20,000 पर्यंत स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये. वकिलाच्या दृष्टीने काम किरकोळ होतं. त्याने फक्त विचारलं, "कंपनीची न्यू जर्सीतली नोंदणी पाठवा." तिथे गाडी अडली.

दुसऱ्या राज्यात जन्मलेल्या कंपनीला इथे 'फॉरेन एलएलसी' म्हणतात. विदेशी नव्हे, परराज्यातली. डेलावेअर इथून गाडीने तासाभराच्या पलीकडे, तरी कायद्याच्या भाषेत ती फॉरेनच. अशी कंपनी न्यू जर्सीत नियमित धंदा करत असेल तर तिने इथल्या महसूल आणि उद्योगसेवा विभागाकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. ते घेतलेलं नसेल, तर न्यू जर्सीच्या न्यायालयात तिला दावा चालवता येत नाही. करार रद्द होत नाही, समोरच्याचं देणंही बुडत नाही. तिच्यावर कुणी दावा लावला तर ती बचावही करू शकते. स्वतः होऊन न्याय मागायला मात्र दार बंद असतं.

हे कळल्यावर थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आमचे पैसे त्याने बुडवले, आणि कागद नाहीत म्हणून आम्हीच चोर?" तसं नाही, हे मी तिला सांगितलं आणि इथेही स्पष्ट लिहिते. केवळ ही नोंदणी राहिली म्हणून भागीदारांवर कंपनीचं देणं वैयक्तिकरीत्या येत नाही, असं न्यू जर्सीचा कायदाच म्हणतो. चूक भरून काढता येते. पण आधी डेलावेअर साफ करावं लागणार होतं, आणि तिथे काय साचलं होतं ते त्या दोघींना ठाऊक नव्हतं.

डेलावेअरमध्ये साचलेलं

डेलावेअर एलएलसीकडून वार्षिक अहवाल मागत नाही. मागतं फक्त दर वर्षी 300 डॉलर कर. धंदा झाला काय, न झाला काय, रक्कम तीच. मागच्या वर्षीचा कर पुढच्या वर्षीच्या 1 जूनपर्यंत भरायचा. चुकलं तर 200 डॉलर दंड, आणि कर व दंड दोन्हींवर दरमहा दीड टक्का व्याज.

सूचना येते ती रजिस्टर्ड एजंटकडे. त्या राज्यात प्रत्यक्ष पत्ता असलेला, कंपनीची सरकारी आणि न्यायालयीन टपालं स्वीकारणारा हा माणूस किंवा संस्था नेमणं बंधनकारक असतं. या दोघींच्या पॅकेजात पहिल्या वर्षाचा एजंट 'फुकट' होता. एजंट सूचना पाठवत होता, पण ती जात होती धाकटीच्या नवऱ्याच्या जुन्या ऑफिसच्या मेलवर, आणि त्याने 2022 च्या सुरुवातीलाच नोकरी बदलली होती. दुसऱ्या वर्षापासून एजंटची फी ज्या कार्डावर लागणार होती, ते कार्डही बंद झालेलं. खोक्याच्या तळाशी एक न उघडलेलं पाकीट सापडलं. त्यात एजंटने कळवलं होतं की फी न आल्यास आम्ही राजीनामा देऊ. ते पत्र मी दोनदा वाचलं, कारण एजंट गेला आणि मुदतीत दुसरा नेमला नाही, तर डेलावेअर कंपनीची नोंदच रद्द करतं. कर सलग तीन वर्षं थकला तरी तेच होतं. दोन वर्षं थकली होती.

हिशेब मांडला. 2021 चा कर 300, जून 2022 पासून थकलेला. 2022 चा कर 300, जून 2023 पासून थकलेला. दंड 400. व्याज साधारण 210. एकूण 1,210 डॉलरच्या आसपास. सुरुवातीलाच एडिसनच्या पत्त्यावर न्यू जर्सीची एलएलसी काढली असती तर नोंदणीचे 125, आणि त्यानंतर दर वर्षी अहवालाचे 75. अडीच वर्षांत 275 डॉलरमध्ये काम झालं असतं. हा आकडा मी त्यांना त्या दिवशी सांगितला नाही. आधीच पुष्कळ झालं होतं.

पहिला मोह टाळणं

धाकटीचं म्हणणं साधं होतं, "ताई, ही कंपनी सोडूनच देऊ या का? न्यू जर्सीत नवी काढू, कटकट नको."

मलाही तो रस्ता आवडला असता. पण 7,200 डॉलर येणं होते ते डेलावेअरच्या कंपनीचे. बिल तिच्या नावाचं, मेलवर ठरलेला करारही तिच्याच नावाचा. नव्या कंपनीचा त्या पैशांवर आपोआप हक्क नव्हता. हक्क लिहून हस्तांतरित करता आला असता, पण मग आयोजकाच्या वकिलाला भांडायला आणखी एक मुद्दा मिळाला असता. शिवाय कंपनी तशीच मरू देणं म्हणजे ती नीट बंद करणं नव्हे. थकलेला कर तसाच राहतो, आणि त्या कंपनीच्या नावाचं बँक खातं, विमा, स्वयंपाकघराचा करार सगळं लटकतं.

म्हणून क्रम ठरला. आधी एजंटची थकलेली फी भरून त्याला थांबवायचं. मग डेलावेअरचा कर. मग तिथून 50 डॉलर देऊन गुड स्टँडिंगचा दाखला, म्हणजे या कंपनीची बाकी चुकती आहे आणि ती जिवंत आहे असं राज्याने दिलेलं लेखी. तो जोडून न्यू जर्सीत परराज्यातली कंपनी म्हणून 125 डॉलरची नोंदणी. त्यानंतर करनोंदणी, आणि मगच दावा. यातली एकही पायरी आधी-मागे करता येत नव्हती. न्यू जर्सी गुड स्टँडिंगशिवाय नोंदवत नाही, आणि डेलावेअर बाकी असताना गुड स्टँडिंग देत नाही. तीन आठवड्यांत नोंदणी हातात आली.

वकिलाने नोटीस पाठवली. नोंदणी झालेली आहे हे पाहिल्यावर आयोजकाने तारीख लागण्याआधीच तडजोड केली. 6,000 डॉलर, दोन हप्त्यांत. थोरलीला उरलेले बाराशे सोडवत नव्हते. वकिलाच्या फीचा हिशेब समोर ठेवल्यावर सही केली.

खरा फटका दुसरीकडे होता

राज्यांचे कागद लावताना मी त्यांची करपत्रकं मागवली, आणि तिथे जे दिसलं त्यापुढे डेलावेअरचे बाराशे काहीच नव्हते.

एलएलसीला केंद्राच्या करात स्वतःचं रूप नसतं. वेगळा पर्याय निवडला नाही, तर एकटा मालक असलेली एलएलसी त्याच्याच करपत्रकात, शेड्यूल सी या धंद्याच्या नफ्यातोट्याच्या पानावर जाते. दोन किंवा अधिक मालक असले की ती भागीदारी ठरते. भागीदारीला फॉर्म 1065 वेगळा भरावा लागतो, तोही 15 मार्चपर्यंत, आणि प्रत्येक भागीदाराला त्याच्या वाट्याचा नफातोटा दाखवणारा के-1 हा कागद द्यावा लागतो. या दोघी कागदावर निम्म्यानिम्म्या मालकीण होत्या. पण 2021 आणि 2022 दोन्ही वर्षं सगळं उत्पन्न थोरलीच्या एकटीच्या शेड्यूल सीवर दाखवलं होतं. उत्पन्न लपवलेलं नव्हतं, उलट थोरलीने धाकटीच्या वाट्याचाही कर भरला होता. मनाने प्रामाणिक, कागदाने चूक.

फॉर्म 1065 उशिरा भरल्याचा दंड कर किती निघतो यावर नसतो. तो दर भागीदारामागे, दर महिन्याला लागतो, जास्तीत जास्त 12 महिने. 2021 च्या पत्रकासाठी दर 210 डॉलर होता, 2022 साठी 220. 2021 च्या पत्रकाचे 12 महिने केव्हाच उलटून गेले होते, म्हणजे 5,040. 2022 चं आम्ही फेब्रुवारी 2024 च्या सुरुवातीला भरलं, म्हणजे 11 महिने, 4,840. फायदा दोनपाच हजारांचा असलेल्या वर्षालाही दंड इतकाच.

दहा किंवा कमी भागीदार असलेल्या छोट्या भागीदारीला यातून एक जुनी सवलत आहे. पण तिची अट अशी की प्रत्येक भागीदाराने आपला वाटा स्वतःच्या पत्रकात वेळेवर दाखवलेला हवा. धाकटीने तो दाखवला नव्हता. ते दार बंद. मग पहिल्या चुकीला मिळणारी माफी मागितली. ती 2021 साठी मिळाली, पण ती एकाच वर्षाला मिळते. 2022 साठी सविस्तर कारण लिहून पाठवलं, ते मान्य झालं नाही. 4,840 डॉलर हप्त्यांनी भरले. दोघींच्या घरची करपत्रकं दुरुस्त केली. त्यात थोरलीने जास्त भरलेलं तिला परत मिळालं आणि धाकटीला तिच्या वाट्याचा कर आणि 15.3 टक्क्यांचा स्वयंरोजगार कर भरावा लागला.

कंपनी काढून देणारं संकेतस्थळ हे सांगत नाही. ते विचारतं, "सदस्य किती?" म्हणजे मालक किती, आणि 'दोन' हा आकडा लिहून घेतं. त्या एका आकड्याने पुढचं सगळं करशास्त्र बदलतं, याची खूण त्या पानावर कुठेच नसते. माझा खरा राग इथे आहे.

स्वयंपाकघराच्या टेबलावरचा करार

दोघींमध्ये लेखी काहीच नव्हतं. थोरलीने सुरुवातीला 8,000 डॉलर घातले होते. धाकटीने पैसे घातले नव्हते, पण पहाटे पाचला ओटा तिचा असायचा. "आमच्यात काय लिहायचंय, ताई? घरातलंच आहे," थोरली म्हणाली.

इथला कायदा तोंडी करारही मान्य करतो, आणि अडचण तिथेच आहे. लिहिलेलं नसलं की वाद झाल्यावर प्रत्येकाला वेगळं आठवतं. मी म्हटलं, इंग्रजी मसुदा वकील करेल, आधी आपण मराठीत बोलू या. त्या रविवारी आम्ही तिघी बसलो. मी विचारत गेले. घातलेले 8,000 आधी परत की नफा आधी वाटायचा? एकीने आठवड्याला चाळीस तास काम केलं आणि दुसरीने दहा, तर मेहनताना कसा? धाकटीच्या नवऱ्याचा व्हिसा संपला आणि ते परत गेले, तर तिचा हिस्सा कुणी, कोणत्या किमतीला घ्यायचा? दुकानदाराशी करार एकटीच्या सहीने चालेल का?

व्हिसाच्या प्रश्नावर धाकटीचे डोळे भरले. थोरली तिला म्हणाली, "अगं, तू गेलीस तरी तुझं तुला मिळालंच पाहिजे. लिही ताई ते." तिथून पुढचं सगळं सोपं गेलं. दोन पानं झाली. वकिलाने त्यावरून मालकांमधला लेखी करार, म्हणजे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट बांधलं. लिहायला घेईपर्यंत धाकटीला वाटत होतं की 8,000 फिटेपर्यंत आपला नफ्यात हिस्सा नाही. थोरलीला तसं कधीच वाटलं नव्हतं. अडीच वर्षं एका घरात जेवून हे दोघींना एकमेकींबद्दल माहीत नव्हतं.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली. धाकटीचा नवरा शनिवारी खोकी भरायला आणि पोचवायला यायचा. एच-1बीवरच्या माणसाला कंपनीत हिस्सा ठेवता येतो, पण ज्या मालकाने व्हिसा काढला त्याच्याखेरीज दुसरीकडे काम करता येत नाही, बिनपगारीही ते अंगाशी येऊ शकतं. एच-4 वरच्या धाकटीला 2015 च्या नियमाने काम करता येतं, ते तिच्या परवान्याच्या मुदतीपुरतं. मी स्थलांतराची जाणकार नाही, म्हणून त्यांना त्या विषयाच्या वकिलाकडे पाठवलं आणि तोवर नवऱ्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये असं बजावलं. आपल्याकडे 'घरचं काम' ही गोष्ट इतकी सहज असते की ते काम आहे हेच कुणाच्या मनात येत नाही.

आणि कंपनीच्या खात्यातून मुलांच्या पोहण्याच्या क्लासची फी गेलेली दिसली. ते त्याच दिवशी थांबवलं. मर्यादित दायित्वाची भिंत उभी राहते ती कंपनीचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवल्याने. तीही सगळ्याला पुरत नाही. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या डब्यात चुकून काजू गेले, तर ज्या हाताने ते घातले त्या माणसाची स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी एलएलसी झाकत नाही. त्यासाठी विमा लागतो. यांच्याकडे स्वयंपाकघराच्या मालकाने मागितला म्हणून विमा होता, हे नशीब.

वर्षभरात बदललेला नियम

हे चालू असतानाच नवा केंद्रीय कायदा लागू झाला. 1 जानेवारी 2024 पासून छोट्या कंपन्यांनी आपले खरे मालक कोण हे अर्थखात्याच्या फिन्सेन या विभागाला कळवायचं होतं. जुन्या कंपन्यांना 1 जानेवारी 2025 पर्यंत मुदत. डिसेंबर 2024 च्या सुरुवातीला टेक्सासमधल्या एका केंद्रीय न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, मग ती उठली, पुन्हा लागली. मार्च 2025 मध्ये फिन्सेनने अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना यातून वगळलं. 2024 सालचे व्हिडिओ अजून फिरतात आणि लोक घाबरून फोन करतात. ज्यांनी भरलं त्यांचं काही बिघडलं नाही, पण आता इथल्या एलएलसीला ते भरायचं कारण नाही.

न्यूयॉर्कचीही चर्चा झाली. क्वीन्समधल्या गणेशोत्सवात दुकान लावायचं म्हणून थोरलीला तिथेही नोंदणी करावी की काय वाटत होतं. न्यूयॉर्कमध्ये एलएलसीला 120 दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत सलग सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते, परराज्यातून येऊन नोंदणाऱ्या कंपनीलाही. मॅनहॅटनसारख्या काउंटीत तो खर्च नोंदणीच्या फीच्या कितीतरी पट होतो. वर्षातून एकदा दोन दिवसांच्या दुकानासाठी नोंदणीची गरज नाही असं वकिलाचं मत पडलं. तिथल्या विक्रीकराचा तात्पुरता दाखला मात्र काढला.

इथे एक गोष्ट भारतात राहून वाचणाऱ्यांसाठी. पुण्या-नाशिकहून फ्रीलान्स काम करणारे अनेकजण वायोमिंग किंवा डेलावेअरची एलएलसी काढतात, डॉलरमध्ये पैसे घेणं सोपं जावं म्हणून. अमेरिकेबाहेरच्या एका माणसाची मालकी असलेल्या एलएलसीला, इथे एक पैसाही कर निघत नसला, तरी फॉर्म 5472 भरावा लागतो. तो चुकला तर दंड 25,000 डॉलर. मालकाने स्वतःच्या खिशातून कंपनीत घातलेले पैसेसुद्धा त्यात दाखवायचे असतात. कंपनी काढण्याची फी पाहण्याआधी हा आकडा पाहावा, आणि भारतातल्या परकीय चलनाच्या नियमांसाठी तिथल्या सीएला विचारावं.

मुक्काम हलवला

पैसे वसूल झाल्यावर डेलावेअर ठेवायचं कारण उरलं नव्हतं. 1 जून 2024 ला 2023 चा कर वेळेवर भरला. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये न्यू जर्सीची नवी एलएलसी काढली. फी 125. रजिस्टर्ड एजंट थोरली स्वतःच, घरच्या पत्त्यावर. दिवसा कुणीतरी घरी असतं, त्यामुळे वेगळा एजंट लागला नाही. बँक खातं, विमा, स्वयंपाकघराचा करार, लेबलं, विक्रीकराची नोंद एकेक करून नव्या नावावर आणली. यात पाच आठवडे गेले. खरं काम तेच होतं.

मग डेलावेअरला रद्दीकरणाचा अर्ज. तो 31 डिसेंबरच्या आत जायलाच हवा होता, कारण कंपनी 1 जानेवारीला जिवंत असली की त्या वर्षाचे 300 डॉलर लागतात, महिन्यांप्रमाणे कमी होत नाहीत. रद्द करतानाही चालू वर्षाचा कर तिथेच भरावा लागतो. न्यू जर्सीत घेतलेली परराज्य नोंदणीही मागे घेतली. लोक हे हमखास विसरतात, आणि मग मेलेल्या कंपनीच्या नावाने वार्षिक अहवालाच्या सूचना येत राहतात.

आता त्यांचा वार्षिक अहवाल नोव्हेंबरच्या शेवटच्या तारखेला देय असतो, कारण न्यू जर्सीत तो कंपनी ज्या महिन्यात नोंदली त्या महिन्याच्या अखेरीस भरायचा असतो. सलग दोन वर्षं चुकला तर राज्य नोंदणी काढून घेऊ शकतं. धाकटीने तारखा फ्रिजवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिल्यात. 15 मार्च, विक्रीकराच्या तिमाही तारखा, 30 नोव्हेंबर, आणि तिच्या कामाच्या परवान्याची तारीख दुहेरी रेघेत. सूचना येतात त्या मेलचा पासवर्ड दोघींकडे आहे.

2025 च्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. "ताई, सरकारचं पत्र आलंय, वार्षिक नोंदीचे दीडशे डॉलर मागतायत. पण मी वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की आम्ही सरकारी संस्था नाही. आपला अहवाल तर 75 चा, तो मी काल राज्याच्या साइटवर भरलाय. पावती तुम्हाला पाठवली, बघितलीत का?"

बघितली होती. मी तिला तेवढंच विचारलं, नव्या कंपनीच्या नावातलं स्पेलिंग पावतीवर बरोबर आलंय ना. आलं होतं.